एका इलेक्ट्रॉनची शिदोरी : नॅनोवाहकातली उष्णता आणि वीज

शेगडी

परवा घरी फोन केला तेव्हा बाबांनी विचारलं, "तू तिथे दिवसभर नक्की काय मोजतेस?" म्हटलं, "तारेचं एक टोक तापवायचं आणि दोन टोकांत किती व्होल्ट आले ते बघायचं." ते म्हणाले, "हे तर आम्ही बीएस्सीला केलंय." खरंच केलं असणार. सिबेकने बर्लिनमध्ये 1821 साली हेच पाहिलं होतं. दोन धातूंचं कडं केलं, एक सांधा तापवला आणि शेजारची चुंबकसूची हलली. त्याला वाटलं उष्णतेने चुंबकत्व येतं. खरं तर कड्यातून वीज वाहत होती. पुढे 1834 साली पेल्टियरला उलटा प्रकार दिसला. सांध्यातून वीज सोडली की एका बाजूने तो गार पडतो, दुसऱ्या बाजूने तापतो. चार वर्षांनी लेंझने बिस्मथ-अँटिमनीच्या सांध्यावर पाण्याचा थेंब गोठवला आणि प्रवाह उलटा करून तोच थेंब वितळवला.

दोनशे वर्षं जुन्या या गोष्टीत मी अजून का रमले आहे, ते बाबांना फोनवर नीट सांगता आलं नाही. म्हणून हा धागा.

कुठल्याही वाहकात इलेक्ट्रॉन एका टोकाकडून दुसरीकडे जाताना विद्युतभार तर नेतोच, शिवाय थोडी उष्णताही नेतो. मी तिला शिदोरी म्हणते. ही शिदोरी मोजायची फर्मी पातळीपासून, म्हणजे जिथवर इलेक्ट्रॉनच्या जागा साधारण भरलेल्या असतात त्या ऊर्जेपासून. पातळीच्या वरचा इलेक्ट्रॉन भरलेली शिदोरी घेऊन निघतो, खालचा निघतो तो उणी शिदोरी घेऊन. सरासरी शिदोरीला इलेक्ट्रॉनच्या भाराने आणि तापमानाने भागलं की मिळतो सिबेक गुणांक, म्हणजे दर अंशाच्या फरकाला किती व्होल्ट. पेल्टियर परिणाम हीच शिदोरी सांध्यावर उतरवून ठेवण्याचा आहे. दोन्ही परिणाम एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत हे केल्विनने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच दाखवून दिलं होतं.

तांब्यात ही बेरीज जवळजवळ शून्यावर येते. पातळीच्या वरचे आणि खालचे इलेक्ट्रॉन जवळपास सारख्याच सहजतेने वाहतात, त्यामुळे भरलेल्या शिदोऱ्या आणि उण्या शिदोऱ्या एकमेकींना खाऊन टाकतात. निसर्गाने या कामासाठी दिलेलं माप आहे बोल्ट्झमनचा स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनचा भार, म्हणजे सुमारे 86 मायक्रोव्होल्ट दर केल्विनला. तांब्याच्या पदरात त्यातले दोनसुद्धा पडत नाहीत.

म्हणजे वीज हवी असेल तर वरच्यांना वाट द्यायची आणि खालच्यांना अडवायचं. चाळण लावायची. मोठ्या तुकड्यात अशी चाळण बसवणं अवघड, कारण तिथे इलेक्ट्रॉन वाटेत हजार वेळा आपटतो आणि कुठल्या ऊर्जेने निघाला होता ते पुसून जातं. वाहक मात्र इतका आखूड आणि अरुंद केला (हाच नॅनोवाहक) की इलेक्ट्रॉन न आपटता लाटेसारखा पार होतो, तर त्याचा आकारच चाळणीचं काम करतो.

पहिली चाळण 1988 साली हाती आली. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट-फिलिप्सच्या आणि इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या गटांनी वेगवेगळं दाखवलं की गॅलियम आर्सेनाइडमधल्या इलेक्ट्रॉनच्या पातळ थराला दोन बाजूंनी ऋण विद्युतदाबाने चिमटा घेतला, की त्या खिंडीतली विद्युतवाहकता सलग कमी न होता पायऱ्यापायऱ्यांनी उतरते. एकेक पायरी म्हणजे इलेक्ट्रॉनलाटेची एकेक वाट. एका वाटेचा रोध सुमारे 12,900 ओहम, आणि हा आकडा पदार्थावर अवलंबून नाही, फक्त प्लँकच्या स्थिरांकावर आणि इलेक्ट्रॉनच्या भारावर आहे.

1990 मध्ये मोलेनकाम्प आणि सहकाऱ्यांनी याच खिंडीची एक बाजू तापवली. पायरीच्या सपाटीवर व्होल्टेज जवळपास नाहीसं झालं आणि दोन पायऱ्यांमधल्या चढावर उसळून आलं. सपाटीवर वरच्या-खालच्या इलेक्ट्रॉनांना सारखीच वाट असते. चढावर मात्र नवी वाट फक्त वरच्यांसाठी उघडत असते. पहिल्या आणि दुसऱ्या पायरीच्या मधल्या शिखराची उंची सिद्धांताप्रमाणे सुमारे 40 मायक्रोव्होल्ट दर केल्विनला, पुढच्याची 24. या आकड्यात धातूचा गुण नाही की मिश्रणाची कृती नाही, फक्त खिंडीतल्या वाटांची संख्या आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री उशिरापर्यंत तोच आलेख पाहत बसले होते.

अनवाणी

वाचनखूण साठवली. शिदोरीमुळे पहिल्यांदाच सिबेक गुणांक कळला. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

भट्टीकर

ताई, मी कोल्हापूरचा, फाउंड्रीत इन्स्ट्रुमेंट मेंटेनन्सला आहे. वीस वर्षं थर्मोकपल, म्हणजे दोन धातूंच्या तारा जोडून केलेले तापमापक, हाताळतोय. भट्टीच्या भिंतीला के टाइप (निकेलच्या मिश्रधातूंच्या तारांचं), वितळलेल्या लोखंडात बुडवायला प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या टिपा. आम्हाला शिकवलेलं की व्होल्टेज टोकाच्या सांध्यात तयार होतं. तुमच्या लेखात सांध्याचा उल्लेखच नाही, शिदोरी सगळ्या तारेभर चाललीय. मग खरं काय?

दुसरं, जुनं थर्मोकपल त्याच भट्टीत त्याच जागी बरोबर दाखवतं. ते काढून दुसऱ्या भट्टीत कमी खोल बसवलं की दहा-पंधरा अंशांनी चुकतं. सांधा तर तोच. याचं उत्तर मला आजवर कुणी समाधानकारक दिलेलं नाही.

शेगडी

भट्टीकर दादा, दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. सांध्यात काही तयार होत नाही. तारेच्या ज्या भागात तापमान बदलत जातं, त्या भागात व्होल्टेज तयार होतं. तुमच्या थर्मोकपलमध्ये तो भाग म्हणजे भट्टीच्या भिंतीतून बाहेर येणारा तुकडा. सांधा फक्त दोन वेगळ्या तारांना एका तापमानावर बांधून ठेवतो. म्हणून तर तुम्ही पुढे कॉम्पेनसेटिंग केबल, म्हणजे थर्मोकपलच्या तारांसारखाच सिबेक गुणांक असलेली केबल, वापरता. मध्येच साधी तांब्याची वायर जोडली, तर त्या जोडापासून पॅनेलपर्यंतचा तापमानाचा फरक हिशेबातून गळतो.

जुन्या थर्मोकपलचं आता पाहा. कित्येक महिने तापून तारेचा तो तुकडा बदललेला असतो, मिश्रण हललेलं असतं, ऑक्सिडेशन झालेलं असतं. त्याच जागी आहे तोवर तापमानाचा उतार त्याच तुकड्यावर पडतो. जागा किंवा खोली बदलली की उतार तारेच्या दुसऱ्या तुकड्यावर जातो, आणि त्याचा सिबेक गुणांक वेगळा असतो. सांधा निर्दोष असतो, बदललेली असते तार.

नॅनोवाहकाची गंमत इथेच आहे. तापमानाचा सगळा उतार काही नॅनोमीटरच्या एका खिंडीवर आणून ठेवता येतो. व्होल्टेज कुठे तयार झालं, तर इथे, असं बोट ठेवून दाखवता येतं.

भट्टीकर

वीस वर्षांचा काटा निघाला. उद्या सगळ्या जुन्या थर्मोकपलना खोलीची खूण करून टॅग लावतो, काढलं तर परत तेवढंच आत जायला हवं. मनापासून आभार.

फळा-खडू

मी बीएस्सीला ऊष्मागतिकी शिकवतो, त्यामुळे एक मूलभूत शंका. तापमान ही असंख्य कणांची गोष्ट. ज्या खिंडीत एका वेळी एकदोन इलेक्ट्रॉन असतात, किंवा क्वांटम डॉटमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉन कोंडून ठेवणाऱ्या अतिसूक्ष्म ठिपक्यात, जिथे एकच पातळी असते, तिथे तापमान म्हणजे काय? आणि तिथे कार्नोची मर्यादा, म्हणजे दोन तापमानांमध्ये चालणाऱ्या कुठल्याही उष्णतायंत्राची सर्वाधिक शक्य कार्यक्षमता, लागू तरी होते का?

शेगडी

सर, प्रश्न मुळालाच हात घालणारा आहे. उत्तर लँडाउअरने 1957 मध्ये सुरू केलेल्या विचारात आहे. तापमान खिंडीला नसतंच. ते असतं दोन्ही बाजूंच्या मोठ्या साठ्यांना. तिथे इलेक्ट्रॉन भरपूर, एकमेकांवर आपटून स्थिरावलेले. खिंड फक्त ठरवते की अमुक ऊर्जेचा इलेक्ट्रॉन पार होण्याची शक्यता किती. पार होताना त्याची ऊर्जा बदलत नाही. शिदोरी उतरते ती पलीकडच्या साठ्यात गेल्यावर.

आता कार्नो. आकडे घेऊनच करू या, वर्गातही वापरता येतील. एक साठा 400 केल्विनला, दुसरा 300 ला. मध्ये क्वांटम डॉट, त्यात एकच अरुंद पातळी. ती गरम साठ्याच्या फर्मी पातळीच्या 40 मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचं छोटं एकक) वर. गार बाजूची फर्मी पातळी आपण विद्युतदाब देऊन 10 ने उचलली, म्हणजे तिथून डॉटची पातळी 30 ने वर. एखाद्या ऊर्जेला किती इलेक्ट्रॉन हजर असतात, हे ठरतं उंची भागिले तापमान या गुणोत्तरावर. इकडे 40 भागिले 400, तिकडे 30 भागिले 300. दोन्हीकडे 0.1. म्हणजे दोन्ही बाजूंना त्या पातळीवर तेवढेच इलेक्ट्रॉन, आणि निव्वळ प्रवाह शून्य. तापमान वेगळं, विद्युतदाब वेगळा, तरी तोल साधलेला.

आता 10 ऐवजी 9 ने उचला. गार बाजू किंचित मागे पडते आणि इलेक्ट्रॉन गरमकडून गारकडे, चढावर, वाहू लागतात. प्रत्येक जण गरम साठ्यातून 40 घेतो, 9 चं काम करतो, 31 गार साठ्यात टाकतो. कार्यक्षमता साडेबावीस टक्के. कार्नोची मर्यादा पंचवीस. दाब 10 च्या जितका जवळ, तितके आपण पंचविसाच्या जवळ.

म्हणजे मर्यादा मोडत नाही. उलट एका पातळीची चाळण तिला टेकू शकते. 1996 मध्ये माहान आणि सोफो यांनी हेच गणित पदार्थांसाठी मांडलं होतं, की सर्वोत्तम थर्मोइलेक्ट्रिक पदार्थात इलेक्ट्रॉन एकाच अरुंद ऊर्जेवर वाहायला हवेत. प्रत्यक्षात हे 2018 साली स्वीडनच्या लुंडमध्ये दिसलं. इंडियम आर्सेनाइडच्या नॅनोतारेत इंडियम फॉस्फाइडच्या दोन भिंती घालून बनवलेला डॉट, अतिशय कमी तापमान, आणि कार्नोच्या 70 टक्क्यांहून जास्त कार्यक्षमता, तीही काही शक्ती बाहेर काढत असताना.

फळा-खडू

40 भागिले 400 आणि 30 भागिले 300 हे उद्याच फळ्यावर लिहितो. प्रतिवर्ती यंत्र म्हणजे पिस्टन आणि काल्पनिक अतिसंथ प्रसरण एवढंच मुलांच्या डोक्यात बसलेलं असतं.

मोजपट्टी

लेख उत्तम, प्रतिसाद त्याहून उत्तम. पण 70 टक्के म्हणताना शक्ती किती ते कुणी सांगत नाही. माझ्या चाळिशीत मी बरेच "टाकाऊ उष्णतेतून वीज" चे दावे ऐकले. एका वाटेतून किती वॉट निघतात? आणि एक वॉट हवा असेल तर काय लागेल?

शेगडी

विचारलंत हे फार बरं केलंत. या विषयातली खरी अडचण इथेच आहे आणि ती लपवून उपयोग नाही.

आधी मर्यादा. क्वांटम वाहकाच्या एका वाटेतून किती शक्ती काढता येईल याला वरचं छत आहे. हे गणित 2014 मध्ये रॉबर्ट व्हिटनी यांनी पूर्ण केलं. छत तापमानातल्या फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात आहे. 100 अंशांच्या फरकाला ते येतं एका वाटेमागे सुमारे 0.9 नॅनोवॉट. पातळी अगदी अरुंद ठेवून कार्नो गाठायला गेलात तर पार होणारे इलेक्ट्रॉनच थोडे, म्हणून शक्ती शून्याकडे जाते. चाळणीला एकच छिद्र ठेवलं तर पीठ निवडक पडतं, पण पडतं चिमूटभर. सर्वाधिक शक्ती हवी तर चाळण रुंद करावी लागते आणि वरच्या 400-300 केल्विनच्या उदाहरणात कार्यक्षमता साडेनऊ टक्क्यांच्या आसपास येते. व्हिटनी यांचं म्हणणं असं की ठरावीक शक्ती हवी असेल तर त्यासाठी सर्वोत्तम चाळण एक नेमका पट्टा असतो: या ऊर्जेपासून त्या ऊर्जेपर्यंत सगळे आत, बाकी कुणी नाही.

आता तुमचा एक वॉट. 0.9 नॅनोवॉटने भागलं तर सुमारे 110 कोटी वाटा. ऐकायला प्रचंड, पण प्रत्येक वाटेला 10 नॅनोमीटर बाय 10 नॅनोमीटर जागा धरली तर सगळ्या मिळून एका चौरस मिलिमीटरच्या नवव्या भागात मावतात. इथवर कुणालाही उत्साह येईल.

पण उष्णता फक्त इलेक्ट्रॉन नेत नाहीत. स्फटिकातल्या अणूंची थरथर, म्हणजे फोनॉन, सुद्धा नेते आणि तिला आपली चाळण दिसतच नाही. समजा वाटांची लांबी 100 नॅनोमीटर, आणि मधला पदार्थ काचेइतका उष्णतारोधक, म्हणजे वाहकता 1 वॉट दर मीटर-केल्विन. तेवढ्याशा क्षेत्रफळातून 100 अंशांच्या फरकाला फोनॉनवाटे गळणारी उष्णता येते सुमारे 110 वॉट. इलेक्ट्रॉनवाटे जाणारी साडेदहा. एक वॉट मिळवायला एकशेवीस वॉट ओतायचे, म्हणजे कार्यक्षमता एक टक्क्यालाही पोचत नाही. वाट मायक्रोमीटरभर लांब केली तर गळती 11 वॉटवर येते, पण मग खोलीच्या तापमानाला इलेक्ट्रॉनने एवढं अंतर ऊर्जा न गमावता पार करायला हवं, आणि ते तो सहसा करत नाही.

म्हणून माझं प्रामाणिक मत असं, की इलेक्ट्रॉनच्या चाळणीचा प्रश्न तत्त्वतः सुटला आहे, फोनॉनच्या भिंतीचा नाही.

मोजपट्टी

असं आकड्यांत उत्तर क्वचित मिळतं. मग फोनॉन अडवण्याच्या दिशेने काय चाललंय?

शेगडी

बरंच. हिक्स आणि मिल्ड्रेड ड्रेसलहाउस यांनी 1993 मध्ये एमआयटीतून मांडलं की अगदी पातळ थरांत आणि तारांत इलेक्ट्रॉनच्या पातळ्याच बदलतात, त्यामुळे गुणवत्ता वाढू शकते. तिथून हे क्षेत्र पुन्हा जागं झालं. पण पुढच्या काळातलं मोठं यश बरंचसं फोनॉन अडवून आलं. 2008 साली खडबडीत पृष्ठभागाच्या सिलिकॉन नॅनोतारांची उष्णतावाहकता साध्या सिलिकॉनच्या सुमारे शंभराव्या भागावर आली. इलेक्ट्रॉन फारसे अडले नाहीत, फोनॉन कडांवर विखुरले. गुणवत्तेचा आकडा, ज्याला झेडटी म्हणतात (जितका मोठा तितका थर्मोइलेक्ट्रिक पदार्थ चांगला), खोलीच्या तापमानाला 0.6 पर्यंत गेला. साध्या सिलिकॉनमध्ये तो नगण्य असतो. आपल्याकडे बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रातून 2021 मध्ये सिल्व्हर अँटिमनी टेल्युराइडमध्ये कॅडमियम मिसळून 573 केल्विनला 2.6 च्या आसपास झेडटी आला. तो ठोकळ्यातला पदार्थ आहे, एका वाटेचा वाहक नव्हे, पण तिथेही अणूंची मांडणी नॅनोपातळीवर व्यवस्थित करूनच फोनॉन अडवले आहेत.

दुसरी दिशा मला जास्त आवडते, रेणूंची. 2007 मध्ये बर्कलीत प्रमोद रेड्डी, अरुण मजुमदार आणि सहकाऱ्यांनी सोन्याचं टोक आणि सोन्याचा पृष्ठभाग यांच्यामध्ये बेंझीनच्या कड्यांनी बनलेले रेणू पकडले आणि एक बाजू तापवली. एका कड्याच्या रेणूला 8.7 मायक्रोव्होल्ट दर केल्विनला, दोन कड्यांच्याला 12.9, तीन कड्यांच्याला 14.2. विजेच्या दृष्टीने हे आकडे मोठे नाहीत. पण त्यांचं चिन्ह पाहा. ते धन आलं, म्हणजे उणी शिदोरीवाले जिंकले, म्हणजेच सोन्याच्या फर्मी पातळीजवळ रेणूची भरलेली पातळी आहे, रिकामी नाही. नुसती विद्युतवाहकता मोजून हे कळत नाही. पॉलसन आणि सुप्रियो दत्ता यांनी 2003 मध्येच लिहिलं होतं की थर्मोइलेक्ट्रिक मोजणीने हा प्रश्न सुटेल. उष्णतेचं व्होल्टेज इथे विजेचा स्रोत नसून रेणूच्या आत बघायचा डोळा आहे.

रात्रपाळी

हे सगळं अतिथंड प्रयोगशाळेतच होणार का? व्हॉयेजर अवकाशयान 1977 पासून थर्मोइलेक्ट्रिकवरच चाललंय ना?

शेगडी

हो, प्लुटोनियमची उष्णता आणि सिलिकॉन-जर्मेनियमच्या जोड्या. एकही हलणारा भाग नाही, म्हणून इतकी वर्षं चालू. तिथे कार्यक्षमतेपेक्षा टिकाऊपणा मोलाचा.

थंडीचं कारण सांगते, आणि त्यासोबत मला आलेला अनुभवही. इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेचा पसारा तापमानाच्या प्रमाणात असतो. 300 केल्विनला तो सुमारे 26 मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट, 1 केल्विनला त्याच्या तीनशेव्या भागाइतका. कृत्रिम डॉटच्या पातळ्यांमधली अंतरं सहसा काही मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणून गरमीत चाळणीची छिद्रं एकमेकांत मिसळून जातात. रेणूंमध्ये अंतरं मोठी, म्हणून रेणू खोलीच्या तापमानाला चालतात.

पण थंडीची स्वतःची अडचण आहे. एक केल्विनच्या खाली इलेक्ट्रॉन आणि स्फटिक यांची उष्णतेची देवाणघेवाण इतकी मंदावते की फ्रिजचं तापमान एक असतं आणि इलेक्ट्रॉनचं दुसरंच. पहिल्या वर्षी माझं मोजमाप तीन आठवडे सिद्धांताच्या निम्म्यावर येत होतं. आधी सिद्धांतावर शंका घेतली, मग ॲम्प्लिफायरवर, मग सोल्डरिंगवर. शेवटी शेजारच्या दुसऱ्या डॉटलाच तापमापक केलं. त्याच्या वाहकतेच्या शिखराची रुंदी इलेक्ट्रॉनच्या तापमानाच्या प्रमाणात असते. तेव्हा कळलं की मी गृहीत धरलेला फरक इलेक्ट्रॉनपर्यंत पोचतच नव्हता, निम्माच पोचत होता. नवा फरक घालून जुनीच आकडेवारी पुन्हा मांडली आणि बिंदू सिद्धांताच्या रेषेवर येऊन बसले.

भट्टीकर

ताई, धागा वर आणतोय कारण काल एक प्रयोग केला. के टाइपची नवीकोरी तार घेतली, त्यातली एकच, दुसरीशी न जोडता. दोन्ही टोकं मिलिव्होल्टमीटरला लावली आणि मधोमध ब्लो लँप धरला. शून्य. मग भट्टीतून काढलेली जुनी तार तशीच लावली आणि ज्योत हळूहळू एका टोकाकडून दुसरीकडे नेली. जिथे नवा भाग संपून जळका भाग सुरू होतो तिथे काटा हलला, पुढे परत शून्यावर आला, आणि जळका भाग संपताना उलट्या बाजूला गेला.

शेगडी

दादा, अगदी असंच व्हायला हवं! नव्या तारेत ज्योतीच्या डावीकडचा उतार आणि उजवीकडचा उतार सारखेच, म्हणून बेरीज शून्य. जुन्या तारेत दोन उतार वेगवेगळ्या पदार्थांवर पडले, म्हणून उरलं ते दिसलं. तार नवी-जुनी ओळखायची ही पद्धत मोजमापवाले खरंच वापरतात. तुमचे आकडे, म्हणजे ज्योत टोकापासून किती सेंटिमीटरवर आणि किती मिलिव्होल्ट, इथे टाकाल का? मी आलेख काढून देते. फळा-खडू सरांना प्रात्यक्षिकासाठी लागेल.

फळा-खडू

लागेलच. आणि जुनी तार हातभर मिळाली तर टपालाने पाठवा, मुलांना हातात द्यायची आहे.